हात लावला की गप्प, काढला की घर्र : इलेक्ट्रिक गिटारमधल्या आवाजाचा माग

अ‍ॅम्प चालू केला, गिटार गळ्यात अडकवली, अजून एकही सूर छेडलेला नाही आणि स्पीकरमधून घर्रर्र सुरू. तारांवर तळहात टेकवला की आवाज खाली बसतो, हात उचलला की परत उसळतो. ‘गिटारचं ग्राउंडिंग गेलंय’ असं म्हणून बहुतेक जण इथेच स्क्रूड्रायव्हर हातात घेतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. हात लावल्यावर आवाज कमी होतो, याचाच अर्थ तारांपासून ब्रिजपर्यंत (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तो धातूचा भाग) आणि ब्रिजपासून जॅकपर्यंतचं (केबल खुपसायचं भोक) ग्राउंड शाबूत आहे. ते तुटलेलं असतं तर हात लावून काही फरकच पडला नसता.

हे असं का होतं ते कळलं की निम्मा शोध आपोआप लागतो. घरातल्या भिंतींमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज फिरत असते आणि तिच्याभोवती विद्युत क्षेत्र असतं. आपलं शरीर म्हणजे मिठाचं पाणी भरलेली पाच-सहा फुटांची पिशवी. ते या क्षेत्रात छान अँटेना बनतं आणि आपण नेमके गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारेचं कंपन पकडणाऱ्या चुंबक आणि कॉइलच्या जोडीला, चिकटून उभे असतो. शरीराने गोळा केलेला कचरा पिकअपच्या कॉइलमध्ये आणि आतल्या वायरींमध्ये उतरतो. तारांना हात लावला की शरीर अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडलं जातं. मग ते अँटेना न राहता कॉइलसमोरचा पडदा होतं आणि घरघर उतरते. म्हणजे हात लावल्यावर थोडी शांतता येणं हा दोष नाही. दोष तेव्हा असतो, जेव्हा हात न लावता आवाज असह्य असतो, हात लावून काहीच फरक पडत नाही, किंवा हात लावल्यावर आवाज वाढतो.

यातला तिसरा प्रकार सर्वांत सोपा. जॅकवर सिग्नलची आणि ग्राउंडची वायर अदलाबदल झाली की तारा आणि ब्रिज थेट अ‍ॅम्पच्या इनपुटला जोडले जातात आणि तुम्ही स्वतःच पिकअप होता. नवीन जॅक बसवल्यावर हे सुरू झालं असेल तर दुसरं काही शोधू नका, दोन वायरी काढून उलट्या लावा.

आणि एक गोष्ट आधीच बाजूला काढू. अ‍ॅम्प बंद असतानाही तार वाजवल्यावर झणझण ऐकू येत असेल, तर तो वायरिंगचा प्रश्नच नाही. तार पट्टीला (फ्रेटला) घासते आहे. त्यासाठी ब्रिजची उंची आणि मानेतला रॉड बघायचा. सोल्डरिंग आयर्नचं तिथे काम नाही.

गुणगुण वेगळी, घरघर वेगळी

लोक दोन्हींना ‘नॉइज’ म्हणतात आणि एकाच औषधाने दोन्ही बरे करायला जातात. इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

पहिला आवाज म्हणजे जाड, गोल गुणगुण, गिटारवाले ज्याला ‘हम’ म्हणतात. हा ५० हर्ट्झचा असतो आणि बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत दाबलेल्या सुराच्या, म्हणजे ४९ हर्ट्झच्या ‘जी’ (G) सुराच्या, जवळजवळ बरोबरीने वाजतो. हा चुंबकीय क्षेत्रातून येतो. अ‍ॅम्पचा किंवा अ‍ॅडॉप्टरचा ट्रान्सफॉर्मर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, भिंतीतली जाड वायर ही त्याची उगमस्थानं. सिंगल कॉइल पिकअपमध्ये केसाहून बारीक तांब्याच्या वायरचे सुमारे आठ हजार वेढे असतात. तारेचं कंपन पकडण्यासाठी जी कॉइल आहे तीच ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्रही पकडते, तिला भेद कळत नाही.

दुसरा आवाज टोकदार, माशी घोंघावल्यासारखा, कानाला टोचणारा. ही घरघर, म्हणजे ‘बझ’. यात १००, २००, ३०० हर्ट्झ आणि त्याच्या वरचेही बरेच थर असतात. दिव्यांचे डिमर, स्वस्त एलईडी, लॅपटॉपचे चार्जर, चौकोनी लहरींचे इन्व्हर्टर ही मंडळी तो पसरवतात. आपल्याकडे यात एक खास नाव घ्यावं लागतं, ते म्हणजे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. बटण सलग फिरतं अशा प्रकारात आतला ट्रायॅक, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करणारा भाग, प्रत्येक अर्ध्या लहरीचा एक तुकडा कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. टक टक करत एकेका आकड्यावर बसणारे कपॅसिटरवाले रेग्युलेटर अशी कापाकापी करत नाहीत. पंखा बंद केल्यावर घरघर गेली, तर गिटार उघडायचं कारण उरलं नाही.

ओळखायची युक्ती अशी. गिटार वाजवायच्या स्थितीत धरा, तारांवर हात ठेवा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. एखाद्या दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होत असेल आणि ९० अंश फिरल्यावर परत भरून येत असेल, तर ती चुंबकीय गुणगुण. तांब्याचा पत्रा, टेप, शिल्डिंग पेंट यांनी तिला काहीही होत नाही. तिच्यावरचा उपाय पिकअपच्या रचनेतच आहे : एकमेकांना उलट गुंडाळलेल्या आणि उलट चुंबकाच्या दोन कॉइल. दोन्हींत हम सारखाच येतो पण उलट चिन्हाने, म्हणून खोडला जातो. तारेचा सूर मात्र चुंबकही उलटा असल्यामुळे बेरजेत जातो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हे पिकअप रचलं, १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून ते गिटारवर आलं. हम मारणारं म्हणून नाव हमबकर.

ज्या स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारमध्ये मधलं पिकअप उलट गुंडाळीचं असतं, तिथे पिकअप निवडायचा पाच-टप्पी स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवला की गुणगुण गायब होते. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या जागी येते आणि मधल्या दोन जागी जाते, असं असेल तर तुमचं वायरिंग उत्तम आहे. ती सिंगल कॉइलची जात आहे. ती नको असेल तर हम खोडणारं पिकअप घ्या. वायरी बदलून ती जाणार नाही.

गिटार उघडण्याआधी

अ‍ॅम्पला काहीच न जोडता आवाज वाढवा. तरीही गुणगुण असेल तर दोष अ‍ॅम्पचा. तिथे उघडून बघू नका, व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमधले कपॅसिटर बंद केल्यावरही जीवघेणा दाब धरून ठेवतात.

आता नुसती केबल जोडा, दुसरं टोक मोकळं. आवाज येईल, टोकाला बोट लावलं तर भसकन वाढेल. हे बरोबर आहे. मोकळं टोक असंच वागतं आणि पुढे गिटारमधली सिग्नलची वायर तुटलेली असेल तेव्हा हाच आवाज ओळखायला उपयोगी पडतो. मग खात्रीची दुसरी केबल लावून बघा. केबल शिल्डवाली, इन्स्ट्रुमेंट केबलच हवी. स्पीकरची केबल दिसायला सारखी असते, पण तिला पडदा नसतो आणि ती गिटारला लावली तर घरघर ठरलेलीच.

पेडल (पायाने चालवायचे इफेक्टचे डबे) असतील तर सगळी काढा, गिटार थेट अ‍ॅम्पला. आवाज गेला तर एकेक पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावत परत जोडा. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून माळ करून पाच पेडलांना वीज दिली, त्यात एखादं डिजिटल डिले असलं, की बारीक शिट्टीसारखा आवाज तिथूनच येतो.

शेवटची चाचणी : गिटार जोडलेली ठेवून तिचा व्हॉल्यूम शून्यावर. व्हॉल्यूम शून्य म्हणजे पॉट (बटणाखालचा कमी-जास्त होणारा रोध) सिग्नलला थेट ग्राउंडवर टेकवतो, त्यामुळे आवाज जायलाच हवा. गेला, तर कचरा पिकअप, स्विच किंवा त्यांच्या वायरींतून येतो आहे. राहिला, तर दोष व्हॉल्यूम पॉटचा तिसरा पाय, जॅक, केबल किंवा अ‍ॅम्प यांच्यात आहे. एका बटणाने अर्धी गिटार तपासातून बाद होते, म्हणून ही चाचणी कधी चुकवू नये.

भिंतीतली अर्थिंग

जुन्या वाड्यांत, चाळींत किंवा भाड्याच्या खोल्यांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. अ‍ॅम्पचं ग्राउंड मग हवेत तरंगतं आणि गिटारचं वायरिंग कितीही सुबक असलं तरी घरघर राहते. त्याच अ‍ॅम्पवर, त्याच गिटारने मित्राच्या घरी शांतता असेल तर हीच शंका घ्या. चांगल्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात २३०च्या आसपास व्होल्ट दिसतात, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एखाद-दोन. हे माप वीजतंत्र्याकडून घ्यावं. निऑनचा टेस्टर फेज दाखवतो, अर्थ आहे की नाही ते सांगत नाही.

आवाज कमी व्हावा म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढण्याचा किंवा दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर लावण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये फेज पत्र्याला लागला आणि अर्थ नसेल, तर तो तारांमध्ये येतो आणि समोरचा माइक त्याचा परतीचा रस्ता होतो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी मंचावर माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेले. तारांना हात किंवा माइकला ओठ लागल्यावर मुंग्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवायचं.

मल्टिमीटरने, बाहेरूनच

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तो आणि बाकी सगळं सामान एका फेरीत मिळतं. केबल गिटारमध्ये घाला आणि मापं केबलच्या दुसऱ्या टोकाला घ्या. म्हणजे जॅकचीही परीक्षा होते. केबल अ‍ॅम्पमधून काढलेली असू द्या.

प्लगचा दांडा ते ब्रिज : १ ओहमच्या आसपास किंवा कमी. मीटर काहीच दाखवत नसेल तर तारांचं ग्राउंड तुटलं आहे आणि ‘हात लावून फरक पडत नाही’ याचं कारण सापडलं. अपवाद ईएमजीसारख्या बॅटरीवरच्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपचा. त्यांच्या बसवणुकीत ब्रिजची ग्राउंड वायर मुद्दाम काढून टाकतात, तिथे हा रस्ता उघडा दिसणं बरोबर आहे.

प्लगचं टोक ते दांडा, व्हॉल्यूम पूर्ण : इथे पिकअपचा रोध दिसतो, व्हॉल्यूम पॉटच्या समांतर. ६.५ किलोओहमचं सिंगल कॉइल आणि २५० किलोओहमचा पॉट असेल तर सुमारे ६.३ किलोओहम. ८ किलोओहमचं हमबकर आणि ५०० किलोओहमचा पॉट असेल तर ७.९ च्या जवळपास. दुसऱ्या-चौथ्या जागी दोन पिकअप समांतर येतात म्हणून आकडा निम्म्यावर, ३.२ च्या आसपास. टोनचा पॉट मधे येत नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर आहे आणि मीटरची वीज त्यातून जात नाही. प्रत्येक स्विचच्या जागी आकडा लिहून ठेवा. ८ चं हमबकर ४ दाखवत असेल तर त्याची एक कॉइल बाहेर पडली आहे. बहुतेकदा दोन कॉइलमधला सांधा कुठेतरी ग्राउंडला टेकलेला असतो, किंवा एक कॉइल बंद करणारा कॉइल-स्प्लिटचा पुश-पुल पॉट वर ओढलेला राहिलेला असतो. असं हमबकर सिंगल कॉइलसारखंच गुणगुणणार.

पिकअपऐवजी २५० किंवा ५०० किलोओहमच आला तर पिकअपची वायर तुटली आहे. मीटर अनंत दाखवत असेल तर सिग्नलची वायर जॅकपाशी किंवा पॉटपाशी सुटली. व्हॉल्यूम पूर्ण असून शून्य दाखवत असेल तर सिग्नल ग्राउंडला चिकटला आहे, पण अशा गिटारमधून घरघर येत नाही, काहीच येत नाही. हा फरक लक्षात ठेवा : शॉर्ट म्हणजे शांतता, तुटका रस्ता म्हणजे आवाज. मापं चालू असताना प्लग हलवा, तारा दाबा, स्विच मागेपुढे करा. आकडा नाचला तर लूज कनेक्शन त्याच ठिकाणी आहे.

आत काय मोडतं

स्ट्रॅटमध्ये (स्ट्रॅटोकास्टरमध्ये) तारा काढून पिकगार्डचे, म्हणजे वरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाचे, स्क्रू, आजच्या गिटारमध्ये बहुधा अकरा, सोडवायचे. पहिलं काम फोटो काढण्याचं. दोन-तीन बाजूंनी, वायरींचे रंग स्पष्ट दिसतील असे.

सर्वांत आधी जॅक. दहातल्या बऱ्याच गिटारचा रोग इथेच सापडतो. जॅकचं नट सैल होतं, माणूस ते बोटांनी किंवा पक्कडीने आवळतो, आतला जॅक सोबत फिरतो आणि वायरी पिळवटून तुटतात, बहुधा ग्राउंडची आधी. नट आवळताना आतून जॅक धरून ठेवा. वाकडी लवचिक पट्टी प्लगच्या टोकाला टेकते, ती सिग्नलची. मधल्या गोल कॉलरला जोडलेला पाय ग्राउंडचा. पट्टीचा ताण गेला असेल तर ती बोटाने हलकेच आत वाकवा. पावसाळ्यात आणि समुद्रकाठी जॅकवर काळपट-हिरवट थर चढतो, तेव्हा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून प्लग दहा-वीस वेळा आतबाहेर करा. पॉट फिरवताना होणाऱ्या खरखरीलाही तोच. घरातलं गंज काढायचं तेल पॉटमध्ये मारू नये, त्यातलं तेल मागे राहतं आणि धूळ धरतं.

मग ब्रिजची ग्राउंड वायर. स्ट्रॅटमध्ये ती पाठीमागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पंजाला सोल्डर केलेली असते, टेलिकास्टरमध्ये ब्रिजच्या पत्र्याखाली दाबलेली, लेस पॉल पद्धतीत तारांचं मागचं टोक धरणाऱ्या शेपटाच्या (टेलपीसच्या) खुंटीच्या भोकात अडकवलेली. टेलिकास्टरचा ब्रिज परत बसवताना वायरचं टोक लाकडाच्या भोकात घसरतं आणि पत्र्याला लागतच नाही. पंजावर ड्राय सोल्डर, म्हणजे धातूला न धरलेला डाग, फार, कारण तो जाड लोखंडी तुकडा सगळी उष्णता पिऊन टाकतो. २५ वॉटच्या आयर्नने सोल्डर वितळतं, गोळी बसते, पण धातूला धरत नाही. इथे आणि पॉटच्या पाठीवर ६० वॉटचं, रुंद टोकाचं आयर्न हवं. आधी जागा सँडपेपरने चकचकीत घासा, थोडं फ्लक्स लावा, धातू तापवा आणि सोल्डर धातूला लावा, आयर्नला नव्हे. ०.८ मिमीचं, ६०/४० रोझिन-कोअर सोल्डर चालतं. चांगला डाग पसरट आणि चमकदार असतो. राखाडी, फुगीर, कडेला उचललेला दिसला की परत वितळवा. पॉटच्या पाठीवर तीन-चार सेकंदांहून जास्त रेंगाळू नका, आतला कार्बनचा थर भाजतो.

व्हॉल्यूम पॉटचा तिसरा पाय पॉटच्या पाठीला वाकवून टेकवलेला असतो. तो सांधा सुटला की व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही आवाज पूर्ण जात नाही. प्रत्येक पॉटची पाठ, स्विचचा सांगाडा आणि पिकअपचं धातूचं झाकण ग्राउंडला जोडलेलं हवं. प्लॅस्टिकची बटणं काढून पॉटच्या दांड्याला बोट लावा. फक्त तिथेच घरघर वाढली तर त्या पॉटचं ग्राउंड सुटलं आहे.

पिकअप बदललं असेल तर रंगांचा घोळ तपासा. चार वायरींच्या सीमोर डंकन हमबकरमध्ये काळी सिग्नल, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नल, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी-पांढरी एकत्र. एका कंपनीचा नकाशा दुसरीच्या पिकअपला लावला की हमखास गोंधळ. उघडी वायर जास्तीची वाटून कापली जाते. ती वायरचा पडदा आहे, ग्राउंडलाच जायला हवी.

तांब्याची टेप

घरघर खरोखर विद्युत क्षेत्राची आहे आणि सगळे सांधे ठीक आहेत, तर आतली पोकळी तांब्याने मढवणं उपयोगी पडतं. तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३६ साली दाखवलेल्या पिंजऱ्याचंच. टेपचा गोंद वीजवाहक असलेलीच घ्या. साध्या गोंदाची घेतली तर प्रत्येक पट्टी बेट होऊन बसते. पट्ट्या ५-६ मिमी एकमेकींवर चढवा, सांध्यांवर सोल्डरचा ठिपका द्या, कडेची पट्टी पोकळीबाहेर थोडी दुमडून पिकगार्डमागच्या फॉइलला टेकेल अशी ठेवा आणि कुठल्याही एका ठिकाणाहून वायर ग्राउंडला न्या. ही वायर विसरली तर तांबं म्हणजे आणखी एक अँटेना. कोणत्याही दोन टोकांत मीटरने एक-दोन ओहमपेक्षा जास्त दिसू नये.

नेहमीची फजिती अशी होते : सगळं उघडं असताना गिटार वाजते, स्क्रू आवळले की मुकी. जॅकची सिग्नल पट्टी किंवा स्विचचा पाय तांब्याला टेकलेला असतो. तिथे तांब्यावर इन्सुलेशन टेप लावा. जॅकमध्ये प्लग घालूनच तपासा, कारण प्लग आत गेल्यावर पट्टी बाहेर ढकलली जाते.

गिटारच्या आत ‘ग्राउंड लूप’ झाला म्हणून सगळ्या ग्राउंड वायरी एका बिंदूवर आणायचा सल्ला भरपूर मिळतो. एवढ्याशा पोकळीतल्या त्या वेढ्याने ऐकू येण्याजोगा फरक क्वचितच पडतो. एकेका पॉटच्या पाठीला दोन-दोन ग्राउंड वायरी असल्या तरी काही बिघडत नाही. खरा लूप बाहेर असतो : दोन अ‍ॅम्प एकाच वेळी जोडलेले, किंवा अ‍ॅम्प आणि चार्जरवरचा लॅपटॉप केबलने एकमेकांना बांधलेले. लॅपटॉप बॅटरीवर घ्या, आवाज गेला तर लूप किंवा चार्जर. दोन अ‍ॅम्पसाठी मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा बॉक्स लावतात, अर्थ पिन तशीच ठेवून.

दुरुस्तीआधी आणि नंतर ऐकताना त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, त्याच दिशेला तोंड करून बसा, अ‍ॅम्पची बटणंही तिथेच आणि पंखा-दिवे तेच चालू. दिशा थोडी बदलली तरी सिंगल कॉइलची गुणगुण बदलते आणि न लागलेला डागही लागल्यासारखा वाटतो.